एकट्याचा डाव, दुकानदाराचा समुद्र

महाविद्यालयाच्या वार्षिकात पत्त्यांच्या खेळावर लेख लिहावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. गुरुजनांपैकी एखाद्याच्या कपाळाला आठीही पडेल. पत्ते म्हटले की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात : एक जुगाराच्या अड्ड्याचे आणि दुसरे गणपतीच्या जागरणाचे. आज मात्र या दोहोंहून निराळे असे तिसरे चित्र जिकडेतिकडे दिसते. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, बसथांब्यावर, दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात आपल्यापैकी कितीतरी जण मान खाली घालून एकट्यानेच पत्ते खेळत असतात. हातात कॅट नसतो, समोर भिडू नसतो. असतो तो फक्त मोबाईलचा वीतभर पडदा. ज्या गोष्टीत इतक्यांचा इतका वेळ जातो, तिचा जमाखर्च मांडणे हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे तरी कामच आहे. वेळ हेही भांडवलच, आणि विद्यार्थ्यापाशी तर बहुधा तेवढे एकच भांडवल असते.

मी ज्या खेळाविषयी लिहितो आहे तो सॉलिटेअरचा सागरी अवतार होय. एकट्याने खेळायच्या या डावाला जुनी मंडळी ‘पेशन्स’ म्हणत. या धर्तीचे सागरी खेळ अनेक कंपन्यांनी काढले आहेत आणि ते एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की मी खेळतो त्याचे नाव सांगून विशेष काही साधणार नाही. निळेशार पाणी, तळाशी रंगीत प्रवाळ, वर सुळकन जाणारे मासे आणि या सगळ्यावर मांडलेली पाने. डाव सुटला की नाणी मिळतात, नाण्यांनी आपले मत्स्यालय सजवायचे आणि पुढच्या डावाकडे वळायचे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : या खेळाचा गाभा उत्तम आहे, आणि त्याच्याभोवती जे दुकान थाटले आहे ते त्या गाभ्याच्याच मुळावर आले आहे.

आधी गुण. या खेळाच्या मुळाशी ‘ट्रायपीक्स’ म्हणजे तीन शिखरांचा डाव आहे. तो रॉबर्ट होग यांनी १९८९ साली रचला. ५२ पानांपैकी २८ पाने तीन शिखरांच्या आकारात मांडायची : वर ३, त्याखाली ६, त्याखाली ९ आणि पायथ्याला १०. पायथ्याची पाने तेवढी उताणी, बाकीची पालथी. उरलेल्या २४ पानांतले एक उघडायचे आणि त्याच्याहून एकाने वरचे किंवा एकाने खालचे पान शिखरांतून उचलायचे. सत्तीवर अठ्ठी चालते, छक्काही चालतो. राजावर राणी चालते आणि एक्काही. रंगाचे बंधन नाही. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट सगळे सारखे. पाने उचलत जावे तशी खालची पालथी पाने मोकळी होतात. उचलण्याजोगे काही उरले नाही की गड्डीतले नवे पान उघडायचे. शिखरे साफ झाली तर जिंकलो, त्याआधी गड्डी संपली तर हरलो. नियम एवढेच. सहा वर्षांच्या पोराला ते पाच मिनिटांत समजतात आणि साठीच्या माणसालाही कंटाळा येत नाही.

सोपेपणाच्या पोटात केवढा विचार दडला आहे ते पाहण्याजोगे आहे. उघड्या पानाला चालणारी पाने दोन आकड्यांची, म्हणजे उरलेल्या ५१ पानांत ८. पायथ्याला १० पाने उताणी असतात. संभाव्यतेचे साधे गणित केले तर त्या दहांत एकही पान न चालण्याची शक्यता शंभरात सुमारे १५ निघते. म्हणजे शंभर डावांतले सुमारे ८५ डाव पहिल्याच पानावर चालू होतात. खेळणाऱ्याला उत्साह वाटतो तो उगीच नव्हे. पुढे मात्र निवड करावी लागते. सत्तीवर अठ्ठीही चालते आणि छक्काही. अठ्ठी उचलली तर नव्वीकडे वाट जाते, छक्का उचलला तर पंजीकडे. कोणती वाट लांब जाईल, कोणत्या पानाखाली जास्त पाने अडकून पडली आहेत, राजा आताच वापरावा की एक्क्यासाठी राखावा, हा विचार करणारा आणि न करणारा यांच्या खेळात फरक पडतो. नशीब पाने वाटते. त्यांचे काय करायचे ते आपण ठरवतो. हे दोन्ही अंश ज्यात आहेत असे खेळच टिकतात.

एकट्याच्या पत्त्यांनी विज्ञानालाही हात दिला आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांना पडला. कागदावर तो सुटेना, कारण ५२ पाने लावण्याचे प्रकार मोजायला ६८ आकडी संख्या लागते. तेव्हा त्यांना सुचले की पुष्कळ डाव प्रत्यक्ष खेळून पाहावेत आणि त्यांतले किती सुटले ते मोजावे. त्यांनी हा विचार जॉन फॉन न्यूमन यांच्याशी बोलून पुढे नेला आणि त्यातून ‘माँटे कार्लो’ पद्धत उभी राहिली. आज अणुविज्ञानापासून शेअर बाजारातील जोखमीच्या अंदाजापर्यंत ती वापरली जाते. तेव्हा ‘पत्त्यांनी कोणाचे भले झाले?’ असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर देता येईल.

आता समुद्राविषयी. पत्त्यांच्या मागे समुद्र कशाला, असे प्रथम वाटते. पण खेळता खेळता त्यात एक संगती जाणवू लागते. एकाने वर, एकाने खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, ही पानांची चाल भरती-ओहोटीसारखीच आहे. एखादा ओघ लागला की दहा-बारा पाने सरसर निघून जातात, आणि मग एकदम सारे थांबते. निळा रंग आणि पाण्याचा मंद आवाज मनाला निवांत करतो. परीक्षेच्या दिवसांत, ताळेबंद जुळता जुळत नसताना, दहा मिनिटांचा हा निवांतपणा मला मोलाचा वाटतो, आणि तो मी नाकारणार नाही. घाईसाठी घड्याळ नाही, हिणवायला प्रतिस्पर्धी नाही, गोळ्या नाहीत, रक्त नाही.

शिवाय खेळायला कोणतीही भाषा लागत नाही. आकडे ओळखता आले की झाले. मराठीत आपण ‘पान’ म्हणतो आणि आमचे कन्नड मित्र ‘इस्पीट एले’ म्हणतात. ‘एले’ म्हणजेही पानच. दोन्ही भाषांनी पत्त्याला झाडाचे नाव दिले हा योगायोग मला फार आवडतो. एकाच बाकावर बसून दोन भाषांतील मुले एकाच डावावर डोके लढवताना मी पाहिली आहेत.

परंतु या समुद्रात फार खोल जाऊ म्हटले तर तळ लवकर लागतो. मासे आणि प्रवाळ हे शोभेचे पडदे आहेत. डावाशी त्यांचे नाते नाही. याच्या उलट उदाहरण आपल्याजवळच आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. तिथे रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात : दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची १२ पाने, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १०. त्यांतला पहिला रंग मत्स्याचा. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे काढलेले असतात आणि ते पाच मोजल्याशिवाय पानाची किंमत कळत नाही. तिथे मासा हेच पान असते. म्हैसूरकडेही गंजिफेची मोठी परंपरा आहे. तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी ‘श्रीतत्त्वनिधी’त पत्त्यांच्या खेळांना स्थान दिले. म्हणजे पत्त्यावर मासा ही कल्पना काही परदेशातून यायला नको होती. मोबाईलवरच्या खेळात मासा येतो तो बक्षीस म्हणून, आणि आला की काचेमागे फिरत राहतो. त्याचे नाव काय, तो खातो काय, राहतो कुठे, हे सांगण्याची तसदी मी खेळतो त्या खेळाने घेतलेली नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवती आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. डाव जिंकल्यावर त्यातली दोन ओळींची माहिती दिली असती तर खेळाचे वजन वाढले असते. पण हा दोष लहान आहे. खरा दोष पुढेच आहे.

तीन शिखरे जवळजवळ साफ झाली आहेत. दोनच पाने उरली आहेत आणि गड्डी संपली. कागदी पत्ते असते तर आपण ‘हात्तिच्या’ म्हणून पाने गोळा केली असती, पिसली असती आणि नवा डाव मांडला असता. इथे मात्र पडद्यावर पाटी झळकते : आणखी पाच पाने हवीत काय? इतकी नाणी. ती पाच पानेही फुकट गेली तर पुन्हा पाटी येते, आणि आता भाव वाढलेला असतो. अडलेल्या जागी जोकर हवा? नाणी. चुकून उचललेले पान परत ठेवायचे? नाणी. इतकेच काय, डाव मांडायलाही नाणी लागतात. हरलो तर ती गेली. गंगाजळी आटली की तीन वाटा उरतात : तासन्‌तास थांबा, जाहिराती पाहा किंवा खऱ्या रुपयांनी खोटी नाणी विकत घ्या. खेळ फुकट आहे असे सांगितले जाते. प्रत्यक्षात हरणेच तेवढे फुकट नाही.

पहिला आक्षेप हिशेबाचा. रुपयांची नाणी होतात, नाण्यांची पुन्हा पाने आणि जोकर होतात. दोन वेळा चलन बदलले की मूळ किंमत डोळ्यांआड जाते. दोन कप चहाच्या पैशांत आपण नेमके काय घेतले, हे घेणाऱ्याला सांगता येत नाही. वर्गात आपण शिकतो की बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये. या खेळाची सगळी दुकानदारी नेमकी त्याच्या उलट भावनेवर चालते : एवढी पाने काढली, एवढी नाणी घातली, आता दोन पानांसाठी सोडायचे काय? आणि हा प्रश्न माणसाला विचारला जातो तो नेमका त्या क्षणी, जेव्हा त्याला शांतपणे उत्तर देता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. नशीबच विकायला ठेवले की हरण्याचा अर्थ बदलतो. पिसलेल्या कॅटपुढे हरलो तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? कॅटला माझ्या खिशाशी देणेघेणे नसते, आणि म्हणूनच त्याचा निकाल आपण हसत मान्य करतो. पण जो दुकानदार मला जोकर विकतो, तोच पानेही वाटत असेल तर? पाने पिसली जातात की रचली जातात, हे आपल्याला तपासता येत नाही. या खेळांतील बहुतेक टप्पे कोणीतरी ठरवून मांडलेले असतात, २८ पानांच्या मूळ मांडणीशी त्यांचे बंधन नसते; अवघड टप्पा मुद्दाम कुठे ठेवायचा हेही त्याच्याच हाती. तो लबाडी करतोच असे माझे म्हणणे नाही. वाटणारा आणि विकणारा एकच असू नये, एवढेच म्हणणे आहे. हिशेब लिहिणाऱ्यानेच हिशेब तपासू नये, हे तर आपल्या शास्त्राचे पहिले सूत्र आहे.

पडद्यावरचे पत्ते पारदर्शक असू शकत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. विंडोजमध्ये जिम हॉर्न यांनी बनवलेला ‘फ्रीसेल’ हा डाव होता. त्यातील ३२,००० डावांना क्रमांक दिलेले होते. अमुक क्रमांकाचा डाव म्हटला की जगात कुठेही तीच मांडणी. १९९४-९५ मध्ये हौशी खेळाडूंनी हे डाव आपसांत वाटून घेऊन सोडवले आणि एकच डाव, क्रमांक ११९८२, कोणाला सुटला नाही. याला मी लेखापरीक्षण म्हणतो. हरणाऱ्याला त्यात खात्री होती की हा डाव दुसऱ्या कोणाला तरी सुटला आहे.

पैशासाठी सॉलिटेअर ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत रिचर्ड कॅनफिल्ड नावाचा जुगारअड्ड्यांचा मालक होऊन गेला. ज्या डावाला त्याचे नाव मिळाले त्याच्याविषयी सांगतात की, तो ५० डॉलरला कॅट विकत असे आणि डावात लागलेल्या प्रत्येक पानामागे ५ डॉलर परत देत असे. बहुतेकांची थोडीच पाने लागत आणि मालकाचे फावत असे. तो जुगारच होता, त्याचे समर्थन कोण करील? पण निदान जिंकणाऱ्याला तो काही देत तरी होता. आजच्या समुद्रात रुपये आत जातात, बाहेर येते ते चित्रातले शिंपले.

आपल्या संसदेने २०२५ साली ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणाऱ्या खेळांवर बंदी आणली. त्याचे मी स्वागतच करतो. पण गंमत अशी की आपला मासेवाला खेळ त्या व्याख्येत बसत नाही, कारण इथे जिंकण्यासारखे काही नाहीच! ग्राहकसंरक्षणाच्या बाजूने २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, नको असताना पुन्हा पुन्हा तगादा, नकार देणाऱ्याला खजील करणारी भाषा, हे सारे त्यांत आहे. ती यादी एकदा वाचावी आणि मग आपल्या मोबाईलवरचा खेळ उघडावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

इथेच भाषेचा मुद्दा पुन्हा येतो. खेळायला भाषा लागत नाही असे मी वर म्हटले. विकत घ्यायला मात्र लागते, आणि मी पाहिलेल्या खेळांत ती इंग्रजी असते. ‘सवलत आजच संपते’ हे मोठ्या अक्षरांत, वर्गणी आपोआप पुढे चालू राहील हे बारीक अक्षरांत. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला शब्दकोश उघडून ते लावता येते. पण ज्या घरी आई किंवा आजी दुपारी विरंगुळा म्हणून हाच खेळ उघडते, तिथे काय? आकडे तिला येतात, पाने तिला येतात, डाव ती माझ्याहून चांगला खेळेल. अडते ते फक्त पैसे देण्याच्या पाटीपाशी, आणि तिथेच तिच्या भाषेची उणीव असावी, हे मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खेळ बनवणाऱ्यालाही पोट आहे. १९९० साली विंडोज ३.० बरोबर जो सॉलिटेअर जगभर गेला, तो वेस चेरी या उमेदवार विद्यार्थ्याने लिहिला होता आणि त्याला त्याचे मानधन म्हणून काही मिळाले नाही. ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. पुढे तोच खेळ जाहिरातींसह आला आणि जाहिराती नको असल्यास वर्गणी मागू लागला. मला त्यातही मोठे वाईट दिसत नाही. जाहिरात ही उघड किंमत आहे आणि वर्गणीही उघड किंमत आहे. बाजारात पत्त्यांचा कॅट आपण पैसे देऊनच घेतो. पण कॅट एकदा घेतल्यावर दुकानदार आपल्या ओसरीवर येऊन दर हरलेल्या डावाला एक्का विकत बसत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. खेळाची किंमत एकदाच घ्या आणि रुपयांत सांगा. पान परत ठेवण्याला दाम लावू नका, कारण विचार बदलणे हा खेळाचाच भाग आहे. प्रत्येक डावाला क्रमांक द्या, म्हणजे तो कोणाला सुटतो हे सर्वांना पाहता येईल. पैसे देण्याच्या पाट्या आमच्या भाषांत लिहा. मासे हवे तेवढे विका. मत्स्यालयाच्या शोभेला ज्याला खर्च करायचा त्याने करावा. पण डावाचा निकाल विकू नका.

कंपन्या हे ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहेच. पुढच्या वेळी दोन पाने उरतील आणि ती पाटी झळकेल, तेव्हा तिच्यावरची फुली दाबा आणि हरा. प्रामाणिकपणे हरायला काही लागत नाही, आणि विकत घेतलेल्या विजयापेक्षा ते पुष्कळ चांगले. आणि एखाद्या रिकाम्या तासाला खरा कॅट काढून बाकावर तीन शिखरे मांडून पाहा. पाने पिसताना त्यांचा जो फडफडाट होतो, तो ऐकून शेजारचा कोणीतरी ‘काय रे, मेंढीकोट मांडायचा का?’ म्हणून जवळ येण्याचाही संभव आहे. तसे झाल्यास एकट्याचा डाव खुशाल मोडावा.